पेटी क्रमांक अकरा

पिंपळनेरला पहाटे पारा उतरतो
ते आधी कळतं पांझरेकाठच्या पाइपाला,
मग माझ्या गुडघ्यांना,
मग पेट्यांना.
एकतीस पेट्या. बारदानात गुंडाळलेल्या,
दारं बोटभर केलेली,
वर दगड.

चूल पेटवायच्या आधी मी तिकडे जाते.
पूर्वी टकटक करायची, आता नाही.
बारदान सारून
लाकडाला नुसता कान लावते.
जिवंत पेटी असते
दोन गल्ल्या पलीकडच्या पिठाच्या गिरणीसारखी :
दळण संपलंय, पट्टा अजून फिरतोय.
मेलेली पेटी म्हणजे लाकूड.

डिसेंबरच्या शेवटाला
चार दिवस ऊन असं आलंच नाही.
तारेवर ओळीनं वेडे राघू,
पिसं फुगवून, तेही उपाशी.
पाचव्या दिवशी कान लावला.
अकरा नंबर : लाकूड.

झाकण काढलं.
तिसऱ्या चौकटीपासून पाचवीपर्यंत
माशा तशाच, एकमेकींना बिलगून,
डोकी खणांत खुपसलेली,
जशा शाळेच्या हौदावर पोरी वाकतात
शेवटच्या घोटासाठी.
खण कोरडे.
आणि सातव्या चौकटीत
बंद मध. पांढरं मेण, कुठे ओरखडाही नाही.

चार बोटांचं अंतर.
गोळा मोडून निघाल्या असत्या तर गारठून गेल्या असत्या,
नाही मोडला, तर भुकेनं.

दिलवरसिंग म्हणाला,
आमच्या तोरणमाळच्या कड्यावरच्या आग्या
हिव पडायच्या आत उठून जातात,
पोळं तिथंच टाकून.
ह्यांना तुम्ही घर दिलं ना, ताई.
टोमणा नव्हता तो.
तो बोलता बोलता तळफळी खरवडत होता,
आणि मेलेल्या माशा
सुपातल्या कोंड्यासारख्या हलक्या पडत होत्या.

ती चौकट आत सरकवायची होती
दिवाळीनंतरच्या सोमवारी.
त्या सोमवारी साक्रीला लग्न होतं.
मी दोन वेळा जेवले.

वहीत लिहिलं : जिवंत बावीस.
त्यातल्या चार मुठीएवढ्या.
नांद्रे अण्णांनी फाटकातूनच विचारलं,
"कितल्या वाचन्यात?"
डोंगळ्यांचा सौदा तीस पेट्यांचा,
उचल कधीच घेतलेली,
उचलीची साखर आणलेली,
साखरेच्या वड्या माशांनी खाल्लेल्या.
मी म्हटलं, मोजतेय.

चार दुबळ्यांच्या आता दोन करायच्या.
एकीवर एक पेटी, मधे वर्तमानपत्राचं एक पान.
थेट सोडल्या तर वासावरून
एकमेकींना फाडतात.
कागद कुरतडायला दोन दिवस लागतात,
तोवर वरचा वास खाली येतो,
खालचा वर,
आणि भांडायचं कुणाशी तेच कळेनासं होतं.

पण राणी एकच राहते.
दुसरी मी निवडायची.
अंगठा आणि तर्जनी.
आवाज होत नाही.
दोनदा केलं.
रात्री भाकरी थापताना
तो अंगठा पिठाबाहेरच राहिला,
भाकर एका अंगानं जाड झाली. कुणी काही बोललं नाही.

पान हाताला आलं ते घातलं.
त्यावर तापमानाचा तक्ता होता, धुळे, जळगाव, नंदुरबार,
खाली कुणाचं तरी स्थळ पाहिजे.
अकरा नंबरमधली ती सातवी चौकट
वरच्या पेटीत लावली, गोळ्याला अगदी खेटून,
बोटभरही फट न ठेवता.

तिसऱ्या दिवशी ऊन आलं.
दाराशी कागदाचा भुसा.
एक माशी एक कपटा ओढत होती, तिच्यापेक्षा मोठा,
फळीच्या कडेशी आली, सोडला,
पुन्हा आत गेली.
मी उचलून पाहिला.
एवढंच वाचता आलं : अंश.

पलीकडे डोंगळे अजून पापुद्र्यात आहेत.
फुटतील पंधरा-वीस दिवसांत.
मी दोन्ही पेट्यांना कान लावला,
हात थोडा उशीरच काढला.

पेट्या वीस.
अण्णांना अजून सांगितलेलं नाही.